पैसे मोजून घेतलेला व्हीपीएन कितपत भरवशाचा?

१८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात मुल्वाद या व्हीपीएन कंपनीच्या कार्यालयात पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन आले. जर्मनीतल्या एका सायबर खंडणीच्या प्रकरणात त्यांना ग्राहकांची माहिती असलेले संगणक हवे होते. कंपनीच्या लोकांनी त्यांना आपली यंत्रणा कशी चालते ते दाखवलं. इथे ग्राहकाचं नाव घेतलं जात नाही, ईमेल घेतला जात नाही, कोण केव्हा जोडलं गेलं आणि कुठल्या संकेतस्थळावर गेलं याची नोंद कुठेच होत नाही. मग जप्त करायचं काय? पोलिसांनी सरकारी वकिलांचा सल्ला घेतला आणि काहीही न घेता ते परत गेले.

त्याच्या साडेपाच वर्षं आधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, अमेरिकेत एफबीआयने एका तरुणाला अटक केली होती. एका तरुणीचा त्याने दीर्घकाळ ऑनलाइन छळ मांडला होता आणि आपला माग लागू नये म्हणून प्युअरव्हीपीएन ही सेवा वापरली होती. ग्राहकांच्या हालचालींची नोंद आम्ही ठेवत नाही, असं ही कंपनी तेव्हा जाहीरपणे सांगत असे. न्यायालयात सादर झालेल्या कागदपत्रांत मात्र वेगळंच निघालं. हा ग्राहक घरच्या आणि कामाच्या ठिकाणच्या अशा दोन आयपी पत्त्यांवरून जोडला गेला होता, हे कंपनीच्याच नोंदींवरून तपासयंत्रणेला समजलं होतं. असा माणूस पकडला गेला हे उत्तमच झालं. पण ज्या नोंदी मुळात नाहीतच असं सांगितलं जात होतं त्या निघाल्या कुठून, हा प्रश्न उरतो. तो त्या गुन्हेगारापुरता नाही. दरमहा पैसे भरणाऱ्या प्रत्येक साध्या ग्राहकाचा तो प्रश्न आहे.

‘नो लॉग्ज’ हे शब्द दोन्ही कंपन्या वापरत होत्या. जाहिरात वाचून त्यांच्यातला फरक कुणालाही कळला नसता. म्हणूनच व्हीपीएन सेवेची पारख तिच्या दाव्यांवरून करता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. पोलीस, न्यायालय किंवा चोर दारात आला तेव्हा आत काय सापडलं, यावरूनच ती करावी लागते.

मुळात आपण विकत काय घेतो ते आधी पाहू. घरातून एखादं संकेतस्थळ उघडलं की ती विनंती आपल्या इंटरनेट पुरवठादाराच्या यंत्रणेतून जाते. आपण कुठल्या संकेतस्थळाकडे निघालो आहोत हे त्याला दिसतं आणि समोरच्या संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता दिसतो. व्हीपीएन लावला की आपलं पत्र दुसऱ्या बंद पाकिटात घालून आधी एका मध्यस्थाकडे जातं, तो वरचं पाकीट फोडतो आणि आतलं पत्र स्वतःच्या पत्त्यावरून पुढे पाठवतो. पुरवठादाराला फक्त मध्यस्थाचं नाव दिसतं, संकेतस्थळाला फक्त मध्यस्थाचा पत्ता. पण त्या मध्यस्थाला दोन्ही टोकं दिसतात. व्हीपीएनमुळे नजर नाहीशी होत नाही. आजवर जी पुरवठादाराची होती ती आता दुसऱ्या कंपनीची होते, आणि ती कंपनी बहुधा परदेशात असते, तिच्या मालकाचं नावही आपल्याला ठाऊक नसतं. पुरवठादारावर निदान इथल्या कायद्याचा अंमल असतो. म्हणून हा व्यवहार आधी भरवशाचा आहे, वेगाचा आणि देशांच्या यादीचा नंतर.

मग हा व्यवहार करायची गरज कोणाला आहे? जाहिरातींमध्ये एक चित्र हमखास असतं: कॅफेत किंवा विमानतळावर बसलेला प्रवासी, आणि मोफत वाय-फायवरून त्याच्या बँक खात्यात शिरणारा चोर. हे चित्र एके काळी खरं होतं. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक छोटं जोडसाधन फायरफॉक्स ब्राउझरसाठी आलं. ते वापरून उघड्या वाय-फायवर शेजारी बसलेल्या माणसाच्या फेसबुक खात्यात कुणीही सहज शिरू शकत असे, कारण तेव्हा बहुतेक संकेतस्थळं लॉगिनपुरतीच माहिती एन्क्रिप्ट करत आणि पुढचं सगळं उघडं पाठवत. त्या धक्क्यानंतर मोठ्या संकेतस्थळांनी संपूर्ण वावर एन्क्रिप्ट करणाऱ्या एचटीटीपीएसवर नेला. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली आणि छोटी संकेतस्थळंही त्या वाटेने गेली. आज बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, जीमेल हे सगळं मुळातच एन्क्रिप्ट होऊन जातं. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश तर २०१६ पासून दोन्ही टोकांपर्यंत बंदिस्त आहेत. तेव्हा ‘बँक खातं वाचवण्यासाठी व्हीपीएन घ्या’ असं कुणी सांगत असेल तर तो तुमच्या जुन्या भीतीचा धंदा करतो आहे.

आपल्याकडे लोकांचे पैसे जातात ते वेगळ्याच वाटांनी. वीज कापली जाईल असा मेसेज येतो आणि त्यातल्या लिंकवर बोट पडतं. पोलीस असल्याचं भासवणारा माणूस व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवतो. केवायसीच्या नावाखाली स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतात. यातल्या एकाही प्रसंगी व्हीपीएन उपयोगी पडत नाही. आपला माग काढला जाण्याचंही तसंच. गूगल खात्यात लॉगिन असताना व्हीपीएन लावला म्हणून गूगल तुम्हाला ओळखायचं थांबत नाही. कुकीज तशाच राहतात. ब्राउझरची आवृत्ती, स्क्रीनचा आकार, फॉन्ट अशा बारीकसारीक गोष्टींवरून माणूस ओळखण्याचं तंत्रही आयपी पत्त्यावर फारसं अवलंबून नाही.

तरीही गरज असणारे लोक आहेत, आणि ते थोडे नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलल्या. तेव्हापासून इंटरनेट पुरवठादारांना ग्राहकांच्या इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. आपल्या वाचनाची, शोधाची दिशा इतका काळ कुठेतरी साठून राहावी हे ज्याला पटत नाही, त्याला व्हीपीएन हवासा वाटला तर त्यात गैर काही नाही. शोधपत्रकार, आपल्या आजाराबद्दल किंवा लैंगिकतेबद्दल गुपचूप वाचू पाहणारी तरुण मुलं, वसतिगृहाच्या किंवा भाड्याच्या खोलीच्या सामाईक वाय-फायवर राहणारे, नवऱ्याच्या नजरेखाली असलेल्या राउटरमधून मदत शोधणारी बाई, या सगळ्यांची गरज खरी आहे. कार्यालयाने दिलेला व्हीपीएन ही वेगळी चीज. घरून काम करताना कंपनीच्या यंत्रणेत सुरक्षित शिरण्यासाठी तो असतो, आणि त्यातून काय चाललंय ते कंपनीला दिसू शकतं. तो लावून खासगी कामं करू नयेत एवढं पुरे.

गरज ठरली की पहिला मोह फुकट सेवेचा होतो. इथे दोनच उदाहरणं देतो. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचं ‘ओनावो प्रोटेक्ट’ हे फुकट व्हीपीएन अ‍ॅप माहिती सुरक्षित ठेवण्याची भाषा करत होतं आणि लोक फोनवर कुठली अ‍ॅप्स किती वापरतात हे फेसबुकला कळवत होतं. अ‍ॅपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते अ‍ॅप स्टोअरवरून गेलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने याच प्रकरणी मेटाच्या (म्हणजे फेसबुकच्याच) दोन कंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. दुसरं उदाहरण त्याहून भयंकर आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी ‘९११ एस५’ नावाचं गुन्हेगारी जाळं उद्ध्वस्त केलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशा फुकट अ‍ॅप्समधून लोकांचे संगणक ताब्यात घेतले जात आणि त्यांचे आयपी पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात. असे १ कोटी ९० लाखांहून अधिक पत्ते या जाळ्यात होते. म्हणजे लपण्यासाठी अ‍ॅप टाकलं ग्राहकाने, आणि त्याच्या पत्त्याआड लपला भलताच फसवणूक करणारा.

सगळ्या फुकट सेवा अशा नसतात. प्रोटॉनसारख्या कंपन्या पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर मर्यादित फुकट सेवा देतात आणि तसं सांगतातही. प्रश्न नेहमी एकच विचारावा: जगभर सर्व्हर चालवायला रोज पैसा लागतो, तो कोण देतंय?

पैसे दिले म्हणजे भरवसा आपोआप आला असंही नाही. प्युअरव्हीपीएन फुकट नव्हता. २०११ मध्ये सोनी पिक्चर्सच्या हॅकिंग प्रकरणात ‘हाइडमायअ‍ॅस’ या ब्रिटिश सेवेने न्यायालयाच्या आदेशावरून नोंदी दिल्या. तीही पैसे घेऊनच सेवा देत होती. उलट बाजूलाही उदाहरणं आहेत. २०१६ मध्ये एका बॉम्बच्या धमकीच्या प्रकरणात एफबीआयने प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेसकडे माहिती मागितली, आणि देण्याजोगं कंपनीकडे काही नव्हतं हे न्यायालयीन कागदपत्रांत नोंदलं गेलं. तुर्कस्तानात रशियाच्या राजदूताच्या हत्येचा तपास करताना तिथल्या यंत्रणेने एक्सप्रेसव्हीपीएनचा सर्व्हर जप्त केला, त्यातही ग्राहकांच्या नोंदी सापडल्या नाहीत.

या प्रकरणांतून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. व्हीपीएन विकणारे ‘आमची कंपनी अमुक देशात आहे, तिथे कायदे सैल आहेत’ हे फार रंगवून सांगतात. अमेरिका, ब्रिटन, स्वीडन यांच्यासारखे हेरगिरीची माहिती आपसांत वाटून घेणारे देश टाळा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस ही अमेरिकेतलीच कंपनी, आणि तिच्याकडे काही सापडलं नाही. मुल्वाद स्वीडनमधली. प्युअरव्हीपीएन तेव्हा हाँगकाँगच्या पत्त्यावर होता. जुलै २०२० मध्ये ‘नो लॉग्ज’ म्हणणाऱ्या यूएफओ व्हीपीएनच्या ग्राहकांच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या सापडल्या, ती कंपनीही हाँगकाँगचीच. कंपनीचा देश कुठला यापेक्षा ती मुळात साठवते काय, याला कितीतरी जास्त महत्त्व आहे. जे साठवलंच नाही ते कुठल्याच देशाचं न्यायालय मागून मिळवू शकत नाही.

म्हणून एखाद्या सेवेचं गोपनीयता धोरण उघडलं की मी आधी ‘आम्ही काय ठेवत नाही’ हा भाग ओलांडून ‘आम्ही काय ठेवतो’ तिथे जातो. तिथे ‘सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी जोडणीची वेळ आणि मूळ आयपी पत्ता काही काळ ठेवला जातो’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर वरचं सगळं आश्वासन फोल आहे. अशाच नोंदींनी तर २०१७ मधल्या त्या तरुणाविरुद्ध पुरावा दिला. उलट ‘गेल्या तीस दिवसांत तुमचं खातं वापरात होतं की नाही, एवढंच आम्हाला माहीत असतं’ अशा धाटणीचं मोजकं, नेमकं वाक्य असेल तर त्या कंपनीने विचार केलेला आहे असं समजावं. ‘आमचे भागीदार’ हा शब्दही शोधावा. भागीदार म्हणजे जाहिरातदार आणि विश्लेषण करणाऱ्या कंपन्या.

त्यापुढचा पुरावा म्हणजे बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलेलं ऑडिट. बर्लिनची क्युअर५३ ही संस्था अ‍ॅप्सचा आणि सर्व्हरचा कोड तपासते. डेलॉइट, केपीएमजी यांसारख्या मोठ्या हिशेबतपासणी कंपन्या नोंदी न ठेवण्याच्या दाव्याची पडताळणी करून देतात. नॉर्डव्हीपीएनने डेलॉइटकडून, प्रोटॉनने पोलंडच्या सेक्युरिटमकडून अशी पडताळणी पुन्हा पुन्हा करून घेतली आहे. ‘पुन्हा पुन्हा’ हे महत्त्वाचं. ऑडिट त्या आठवड्यापुरतं खरं असतं, पुढच्या महिन्यात कुणी सर्व्हरची रचना बदलली तर त्याला ते बांधील नाही. शिवाय तपासणीची कक्षा कंपनी ठरवते. नुसतं ब्राउझरचं जोडसाधन तपासून घेतलं आणि ‘आमचं ऑडिट झालंय’ असं मिरवलं, असंही होऊ शकतं. अहवाल पूर्ण वाचायला मिळतो का, किती वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यात सापडलेल्या चुका दिल्या आहेत का, हे बघावं. एकही चूक नसलेल्या अहवालापेक्षा चार चुका आणि त्यांची दुरुस्ती दाखवणारा अहवाल मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

चूक झाल्यावर कंपनी कशी वागते, हेही असंच बोलकं असतं. मार्च २०१८ मध्ये फिनलंडमधल्या एका भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये नॉर्डव्हीपीएनच्या सर्व्हरवर कुणीतरी शिरलं. डेटा सेंटरने ठेवलेली दुरून हाताळणीची सोय उघडी राहिली होती. सर्व्हरवर ग्राहकांच्या नोंदी नव्हत्या, त्यामुळे हानी मर्यादित राहिली. परंतु कंपनीला हे समजल्यावरही काही महिने ती गप्प होती आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये गोष्ट बाहेर फुटल्यावर बोलली. नंतर तिने ऑडिट वाढवली, चुका शोधणाऱ्यांना बक्षिसं देण्याची पद्धत सुरू केली. ही सुधारणा खरी आहे आणि तो गप्प राहण्याचा काळही खरा आहे. दोन्ही लक्षात ठेवून ग्राहकाने ठरवावं.

आता या धंद्यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट. ‘सर्वोत्तम व्हीपीएन’ असा शोध घेतला की तुलना करणारी संकेतस्थळं रांगेने येतात. त्यांतली बहुतेक दर विक्रीमागे कमिशन घेतात, हे एक. दुसरं अधिक गंभीर आहे. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीचं आधीचं नाव क्रॉसरायडर. तिचं तंत्रज्ञान नको असलेल्या जाहिराती संगणकात घुसवण्यासाठी वापरलं जात असे. २०१७ पासून तिने सायबरघोस्ट, झेनमेट, प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस अशा सेवा एकामागून एक विकत घेतल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ९३ कोटी ६० लाख डॉलरना एक्सप्रेसव्हीपीएन घेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी तिने व्हीपीएनमेंटर आणि विझकेस ही परीक्षणाची संकेतस्थळं चालवणारी कंपनीही घेतली होती. म्हणजे माल विकणारा आणि मालाला क्रमांक देणारा यांचा मालक एकच. मालकीचा उल्लेख त्या संकेतस्थळांवर आहे, पण परीक्षण वाचताना तो किती जणांच्या नजरेला पडतो? यावरून त्या सेवा वाईट ठरत नाहीत. एक्सप्रेसव्हीपीएनचा तुर्कस्तानातला अनुभव मी वर दिलाच आहे. पण तो जुन्या मालकाच्या काळातला होता. कंपनी विकली गेली की तिची जुनी पुण्याई नव्या मालकाच्या खात्यावर जशीच्या तशी चढवू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये नॉर्ड आणि सर्फशार्क या व्हीपीएन कंपन्याही एकत्र आल्या, नावं मात्र दोन राहिली. दुकानात वेगवेगळ्या खोक्यांत दिसणाऱ्या सेवांचे मालक मोजले तर ते बरेच कमी भरतात.

भारतातल्या ग्राहकाने २०२२ ची घडामोड समजून घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खाली निर्देश काढले. व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, ईमेल, त्याला दिलेले आयपी पत्ते, नोंदणीच्या वेळचा आयपी पत्ता आणि सेवा घेण्याचं कारण ही सगळी माहिती पाच वर्षं जपून ठेवावी, असं त्यात होतं. ग्राहक सोडून गेला तरी. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून वगळलं होतं. अंमलबजावणीला सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली, पण निर्देश मागे घेतले गेले नाहीत. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि पुढे प्रोटॉन यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले. गुन्ह्यांचा तपास व्हायला हवा, या सरकारच्या म्हणण्यात तथ्य आहेच. परंतु नोंदी न ठेवणं हाच ज्या सेवेचा गाभा, तिला पाच वर्षं नोंदी ठेवायला लावणं म्हणजे ती सेवा नको असंच सांगणं आहे, आणि एवढा मोठा साठा स्वतःच चोरांसाठी आमिष ठरतो. हा निर्णय मला चुकीचा वाटतो.

याचा परिणाम साध्या वापरावर कसा होतो ते बघा. अ‍ॅपमध्ये आजही ‘भारत’ हा पर्याय दिसतो. तो निवडला की भारताचा आयपी पत्ता मिळतो, पण यंत्र असतं सिंगापूरला किंवा ब्रिटनमध्ये. त्याला आभासी सर्व्हर म्हणतात. नाशिकहून मुंबईत ठेवलेलं एखादं संकेतस्थळ उघडायचं तर सरळ वाट पावणेदोनशे किलोमीटरची. व्हीपीएन लावल्यावर विनंती सिंगापूरला जाते, तिथून मुंबईला येते, उत्तर पुन्हा सिंगापूरला जाऊन नाशिकला परततं. मुंबई ते सिंगापूर अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. या चार टप्प्यांचे जवळपास ८० मिलिसेकंद निव्वळ प्रवासात जातात, आणि केबल सरळ रेषेत नसते. बातम्या वाचताना हे जाणवणार नाही. ऑनलाइन खेळ खेळणाऱ्याला किंवा व्हिडिओ बैठकीत बसलेल्याला नक्की जाणवेल. याउलट एखादी सेवा ‘आमचा सर्व्हर खरोखरच मुंबईत आहे’ असं अभिमानाने सांगत असेल, तर सर्ट-इनचे निर्देश ती कसे पाळते हे आधी विचारावं.

परदेशी सर्व्हर निवडल्यावर भारतीय बँकेचं अ‍ॅप किंवा सरकारी संकेतस्थळ उघडायला नकार देतं, हा अनुभव अनेकांना येतो. त्यात व्हीपीएनचा दोष नसतो. परदेशी पत्त्यावरून आलेली विनंती संशयास्पद मानण्याची ती पद्धत आहे. चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवा व्हीपीएनचे पत्ते ओळखून अडवतात आणि त्यांच्या अटींतही तो मज्जाव असतो. परदेशात बसून इथल्या मालिका बघण्यासाठी व्हीपीएन घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: आज चालणारा सर्व्हर उद्या चालेलच असं नाही. दुबई-अबुधाबीच्या मराठी मंडळींनी तर आणखी जपावं. तिथे व्हॉट्सअ‍ॅप कॉल बंद असल्याने घरी बोलण्यासाठी पुष्कळ जण व्हीपीएन लावतात. पण गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरला असं ठरलं तर संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात तुरुंगवास आणि पाच लाख ते वीस लाख दिरहॅमपर्यंत दंडाची तरतूद आहे. भारतात व्हीपीएन वापरणं हा मुळात गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी तात्पुरती बंदी घातली आहे.

पैशाची बाजू सरळ आहे, पण तिच्यात खाचा आहेत. बहुतेक कंपन्या महिन्याचा दर मुद्दाम चढा ठेवतात आणि दोन-तीन वर्षांच्या योजनेवर भली मोठी सवलत दाखवतात. शेजारी घड्याळ उलटं चालत असतं: सवलत संपायला इतके तास उरले. ते पान दुसऱ्या दिवशी उघडा, घड्याळ नव्याने सुरू झालेलं दिसेल. खरी किंमत खाली बारीक अक्षरात असते, पहिली मुदत संपल्यावर ज्या दराने आपोआप नूतनीकरण होईल ती. तुलना करायची ती त्या आकड्याची. मुल्वादने २००९ पासून महिन्याला पाच युरो हा एकच दर ठेवला आहे, वर्षभराचे भरले तरी सूट नाही. पाकिटात रोख घालून पाठवली तरी चालते. २०२२ मध्ये तर त्यांनी आपोआप पैसे कापण्याची सोयच काढून टाकली, कारण त्यासाठी ग्राहकाच्या देयकाची माहिती साठवावी लागते. ही सेवा सगळ्यांना सोयीची पडेल असं नाही. मालिका बघण्यासाठी ती फारशी कामाची नाही. पण धंद्याची रचनाच अशी ठेवली की काही साठवायची गरज पडू नये, हा विचार मला मोलाचा वाटतो.

‘आजीवन’ योजनेच्या वाटेला जाऊ नये. एकदाच पैसे घेऊन कायम सर्व्हर चालवणं हे गणित बसत नाही. २०२५ मध्ये व्हीपीएनसिक्युअरच्या नव्या मालकांनी जुन्या आजीवन ग्राहकांची खाती बंद केली, कंपनी विकत घेताना या खात्यांची आपल्याला कल्पना नव्हती असं सांगून. दोन वर्षांचे पैसे एकदम भरणंही मला पसंत नाही. या क्षेत्रात मालक बदलतो, नियम बदलतात. महिन्याचे थोडे जास्त गेले तरी सोडून जायची मोकळीक हाताशी राहते. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ई-मॅन्डेटची यादी असते, तिथून परवानगी काढूनही घेता येते.

सेवा घेतल्यावर घरीच काही गोष्टी तपासता येतात. व्हीपीएन न लावता आपला आयपी पत्ता आणि डीएनएस सर्व्हर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारा) दाखवणारं एखादं चाचणी संकेतस्थळ उघडा आणि आकडे टिपून ठेवा. मग व्हीपीएन लावून तेच पान पुन्हा उघडा. आयपी पत्ता बदलला पण डीएनएसच्या यादीत अजूनही आपल्या पुरवठादाराचं नाव दिसतंय, तर संकेतस्थळांची नावं आधीसारखीच त्याच्याकडे जात आहेत. आयपीव्ही६ (आयपी पत्त्याचा नवा प्रकार) पत्ता वेगळा बघा, बऱ्याच सेवा तो झाकायला विसरतात. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन अ‍ॅप्स तपासली तेव्हा १८ टक्के अ‍ॅप्स माहिती एन्क्रिप्टच करत नव्हती आणि ८४ टक्क्यांमधून आयपीव्ही६ची वाहतूक बाहेर गळत होती. अ‍ॅपमध्ये वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन या पद्धती असाव्यात. नव्वदच्या दशकातली पीपीटीपी केव्हाच मोडीत निघाली आहे, ती देणारी सेवा सोडून द्यावी.

मग किल स्विचची परीक्षा घ्या. व्हीपीएनची जोडणी मध्येच तुटली तर इंटरनेट पूर्ण थांबायला हवं, ही ती सोय. एखादा मोठा व्हिडिओ उतरवायला लावा आणि फोन वाय-फायवरून मोबाइल डेटावर न्या, किंवा व्हीपीएनचं अ‍ॅप जबरदस्तीने बंद करा. उतरवणं चालूच राहिलं तर किल स्विच नावापुरता आहे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये व्हीपीएनच्या पानावर ‘ऑलवेज-ऑन’ आणि त्याखाली व्हीपीएनशिवायची जोडणी अडवण्याचा पर्याय असतो, ते दोन्ही चालू करा. मे २०२४ मध्ये ‘टनेलव्हिजन’ नावाची एक त्रुटी उघड झाली. अनोळखी वाय-फायचा राउटरच वाहतुकीला व्हीपीएनच्या बाहेरची वाट दाखवू शकतो, असं तिचं स्वरूप. अँड्रॉइड त्यातून वाचला, कारण ज्या सोयीचा गैरवापर होतो ती त्यात नाहीच. लॅपटॉपवर व्हीपीएन वापरणाऱ्यांनी आपल्या सेवेने या त्रुटीवर काय केलं हे ग्राहक मदत केंद्राला लेखी विचारावं. उत्तर किती दिवसांत येतं आणि ते प्रश्नाला धरून असतं की नुसता छापील मजकूर चिकटवलेला असतो, यावरूनही कंपनीबद्दल पुष्कळ कळतं. हे सगळं पहिल्याच आठवड्यात उरकावं. बहुतेक कंपन्या तीस दिवसांत पैसे परत करतात, मात्र अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेल्या वर्गणीला स्टोअरचे नियम लागू होतात. म्हणून परताव्याची अट खरेदीपूर्वीच वाचावी आणि शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच पैसे भरावेत.